फोन नेमका कशाला जोडलेला असतो?

चालत्या गाडीत फोनवर बोलत असताना ते बोलणं एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे सोपवलं जातं, त्याला हँडओव्हर म्हणतात. या सोपवण्याचे नियम मानकांमध्ये लिहिलेले असतात. अशा मानकांचे मसुदे वाचताना मी सगळ्यांत आधी एकच गोष्ट शोधतो : फोन ‘जोडलेला’ आहे असं म्हणताना लिहिणाऱ्याला तो नेमका कशाला जोडलेला अभिप्रेत आहे?

‘टॉवरला’ हे सोपं उत्तर रेडिओ लहरींपुरतंच खरं आहे. ३जीची मूळ रचना पाहा. टॉवरपाशी असलेली नोड-बी ही यंत्रणा लहरी, म्हणजे पहिला स्तर, सांभाळायची. हरवलेला मजकूर पुन्हा मागणं, त्याचा क्रम लावणं हा दुसऱ्या स्तराचा कारभार मात्र दूरवरच्या कंट्रोलरमध्ये चाले. शिवाय फोन एकाच वेळी दोन-तीन केंद्रांशी बोलू शकत असे. म्हणजे पहिल्या स्तरावर जोडबिंदू तीन, दुसऱ्यावर एक! ४जीने तो कंट्रोलर काढून टाकला आणि सगळा कारभार टॉवरपाशीच्या ईनोडबी या यंत्रणेत आणला. ५जीने त्याचे पुन्हा दोन भाग करायची मुभा दिली. मजकुराचं सांकेतिकीकरण मध्यवर्ती भागात आणि रेडिओजवळचं काम स्थानिक भागात. एकाच मध्यवर्ती भागाखालच्या दोन स्थानिक भागांमध्ये फोन सरकला, तर खालचा जोडबिंदू बदलतो, वरचा जागच्या जागी राहतो. सुरक्षेची किल्लीही तीच ठेवता येते. इथे हँडओव्हर झाला की नाही? स्तर सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

या गोंधळाचं मूळ संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ सालीच दाखवून दिलं होतं. त्यांचा तो निबंध पुढे १९९३ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी या दस्तऐवजमालेत आरएफसी १४९८ म्हणून प्रसिद्ध झाला. सेवा, यंत्र, जाळ्यावरचा जोडबिंदू आणि मार्ग या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत, त्यांना वेगवेगळी नावं हवीत आणि कोणतं नाव सध्या कशाशी बांधलेलं आहे याची नोंद हवी, असं त्यांनी मांडलं. माझ्या मते आमच्या क्षेत्रातलं इतकं स्वच्छ लिखाण दुसरं नाही. इंटरनेटने मात्र यंत्राची ओळख आणि त्याची जागा ही दोन्ही कामं एकाच आयपी पत्त्यावर टाकली. सातारकर कुटुंब नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं तरी सातारकरच राहतं. आयपीच्या राज्यात त्याला नागपूरला उतरताक्षणी नागपूरकर व्हावं लागतं, आणि जुन्या नावाने चाललेलं संभाषण तिथेच तुटतं. मोबाइल आयपीचा सगळा खटाटोप ही तूट सांधण्यासाठी आहे.

म्हणूनच आयईईई ८०२.२१ या मानकाबद्दल मला आदर आहे. वाय-फाय, वायमॅक्स आणि मोबाइल जाळी यांच्यामध्ये फोनला ये-जा करता यावी, यासाठी ते २००८ साली मंजूर झालं. बाजारात ते फारसं रुजलं नाही. पण त्यातल्या व्याख्या बारकाईने वाचाव्यात अशा आहेत. जोडबिंदू म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या दुव्याचं जाळ्याकडचं टोक, ज्याचं दुसरं टोक फिरता फोन आहे. वाय-फायमध्ये त्या टोकाची ओळख मॅक पत्त्याने पटते, मोबाइल जाळ्यात सेलच्या क्रमांकाने. हँडओव्हरबद्दल फोनशी सल्लामसलत करणारी जाळ्यातली जागा ही वेगळी वस्तू ठरवली आणि तिला वेगळं नाव दिलं. ती जोडबिंदूतच असू शकते किंवा आत खोल कुठल्या तरी सर्व्हरवर. ज्याच्याशी दुवा आहे त्याच्याशीच सल्लामसलत व्हायला हवी, असं गृहीत धरलेलं नाही. हा छोटासा विवेक नसता, तर प्रत्येक वाय-फाय डबीवर सगळी हुशारी लादावी लागली असती.

तिसऱ्या, म्हणजे आयपी पत्त्यांच्या, स्तरावर जोडबिंदू म्हणजे राउटर. दोन वाय-फाय केंद्रं एकाच राउटरमागे असतील तर फोनचा पत्ता बदलत नाही. वेगळ्या राउटरमागे असतील तर नवा पत्ता घ्यावा लागतो. आणि आयपीव्ही६ मध्ये तो पत्ता दुसऱ्या कुणाचा नाही ना हे तपासण्यातच नेहमीच्या मांडणीत साधारण १ सेकंद जातो. बोलणाऱ्याला तो खड्डा स्पष्ट ऐकू येतो. आता हवेत ऐकू येणाऱ्या केंद्राकडे पाहून त्याच्यामागे कोणता राउटर आहे, हे फोनला कळणार कसं? जलद हँडओव्हरच्या मानकाने, म्हणजे २००९ च्या आरएफसी ५५६८ ने, यावर सुंदर तोड काढली आहे. फोन आपल्या सध्याच्या राउटरला नव्या केंद्राची ओळख कळवतो आणि विचारतो, ‘याच्यामागे कोण?’ उत्तरात त्या राउटरची माहिती येते. दुसऱ्या स्तरावरचं नाव आणि तिसऱ्या स्तरावरचं नाव यांची जोडी लावून दिली जाते, आणि जुना दुवा सुटण्याआधीच नव्या पत्त्याची तयारी सुरू होते. सॉल्टझर यांनी मागितलेली नोंद ती हीच.

आता या व्याख्यांची परीक्षा आकाशात होते आहे. मोबाइल जाळ्यांची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज १७ या आवृत्तीपासून साधा फोन उपग्रहामार्फत जोडण्याची सोय ५जीत आली. कमी उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटर धावतो. शेताच्या बांधावर स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनलाही त्यामुळे हँडओव्हर करावा लागतो. रिलीज १७ मधला उपग्रह लहरी फक्त पुढे पाठवतो, दुव्याचं दुसरं टोक जमिनीवरच्या केंद्रात असतं. म्हणजे व्याख्येनुसार उपग्रह जोडबिंदू नव्हेच. पुढच्या रचनांमध्ये तेच केंद्र उपग्रहावर चढवलं जात आहे. तिथे जोडबिंदू स्वतःच जगाभोवती फिरतो आणि त्याच्यामागचा जमिनीवरचा दुवाही सतत बदलत राहतो. अशा मसुद्यात ‘जोडबिंदू बदलल्यावर’ एवढंच वाक्य दिसलं की मी समासात ‘कोणत्या स्तरावरचा?’ असं लिहितो आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं कलम मान्य करत नाही.