अवंतीबाईंच्या माहेराच्या वाटेवर

रामगडच्या राणी अवंतीबाई लोधी यांच्या घराण्याचा माग बालाघाटहून काढायचा म्हटलं, की आधी नकाशा बाजूला ठेवावा लागतो. १८५७ साली बालाघाट नावाचा जिल्हाच नव्हता. भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून तो १८६७ पासून आकाराला आला. म्हणून इथल्या जुन्या घराण्यांची मुळं शोधताना कुणाला मंडल्याची वाट धरावी लागते, कुणाला सिवनीची, तर कुणाला भंडाऱ्याची.

अवंतीबाईंचं माहेर सिवनीकडचं. बालाघाटला भेटणारी वैनगंगा त्याच जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम पावते. मनकेहणी गावचे जमीनदार जुझारसिंह हे त्यांचे वडील. जन्म १६ ऑगस्ट १८३१चा सांगतात. माहेराची हकिगत मात्र इथेच आटोपते, आणि ही उणीव मनाला लागते.

सासरची कहाणी दप्तरात शिरली ती गादीच्या वादामुळे. सासरे लक्ष्मणसिंह यांच्या पश्चात अवंतीबाईंचे पती विक्रमादित्यसिंह गादीवर आले. ते कारभारास असमर्थ आणि अमानसिंह, शेरसिंह ही त्यांची मुलं अज्ञान, असं कारण पुढे करून कंपनी सरकारनं १८५१ साली रामगड कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात घेतलं. घरात कर्ती राणी असताना!

पुढे १८५७चा उठाव पेटला. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूरला गोंड राजे शंकरशाह आणि पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. त्याच सुमारास राणीनं आसपासच्या जमीनदारांना पुड्या धाडल्या, अशी आठवण या मुलखात आजही सांगतात. पुडीत एक चिठ्ठी आणि काचेच्या बांगड्या. लढायला उतरा, नाहीतर या भरून घरात बसा, असा त्या चिठ्ठीचा रोख. वंशावळीत बाईच्या वाट्याला एखादी ओळ येते. इथे तिचा आवाजच कानी पडतो.

२० मार्च १८५८ रोजी, पकडलं जाण्याआधी, राणीनं स्वतःच्याच तलवारीनं प्राण दिले. इंग्रजांनी रामगड जप्त केलं. पुढे राणीच्या नावानं १९८८ आणि २००१ मध्ये टपाल तिकिटं निघाली आणि नर्मदेवरच्या बर्गी धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव मिळालं.

आज रामगडला जायचं तर बालाघाटहून मंडल्याकडे निघालं, की नैनपूर लागतं. सातपुड्यातल्या नॅरोगेजचं हे एके काळचं मोठं जंक्शन. आता इथून ब्रॉडगेजची गाडी धावते. मंडल्यापुढे रस्त्यानं अमरपूर गाठलं, की रामगड जवळच. ते आज दिंडोरी जिल्ह्यात मोडतं, आणि हा जिल्हाही १९९८ साली मंडल्यातूनच वेगळा झाला.