नवगावचे आम्ही

कोकणात माणसाची ओळख गावापासून सुरू होते. "कुठले तुम्ही?" हा पहिला प्रश्न, नाव त्यानंतर. माझं उत्तर ठरलेलं आहे: नवगाव, तालुका अलिबाग. मग नाव सांगितलं की समोरचं माणूस जरा थबकतं. नाव बायबलमधलं, आडनाव 'कर'नं संपणारं, बोलणं अस्सल कुलाब्याकडचं, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातलं, आणि समाज विचाराल तर बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. "पण मूळचे कुठले?" असा पुढचा प्रश्न हमखास येतो. मूळचेही नवगावचेच, असं मी सांगते. आमच्या समाजाची आठवण त्याच किनाऱ्यावर सुरू होते. त्याआधीचं सगळं धर्मग्रंथात आहे.

अलिबागहून उत्तरेला, थळ-किहीमच्या बाजूला निघालं की हा किनारा लागतो. सुरूची झाडं, नारळी-पोफळीच्या वाड्या, कुठे काठ्यांवर वाळत घातलेली मासळी, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी. ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि ओली काळसर वाळू उघडी पडते. दुपारी इथं फारसं कुणी नसतं. फक्त वारा सुरूंमधून एकसारखा वाहत राहतो. याच गावात आमची जुनी दफनभूमी आहे. परंपरा सांगते ती अशी: दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एक जहाज इथल्या खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती गावकऱ्यांनी इथं पुरली, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. आज तिथं स्मारकाचा उंच स्तंभ उभा आहे.

इतिहासकार या कथेचा काळ ठरवण्यात वाद घालतात, आणि तो त्यांनी जरूर घालावा. मला त्या कथेतली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आमच्या पूर्वजांसाठी पहिली कृती झाली ती परक्यांच्या हातून, आणि ती होती अनोळखी मेलेल्यांना माती देण्याची. ज्या गावानं मेलेल्यांना जागा दिली, त्यानं जिवंतांनाही दिली.

जहाजाबरोबर पोथ्या बुडाल्या. प्रार्थना विसरल्या गेल्या, भाषाही गेली. उरली ती एक ओळ, देव एकच आहे हे सांगणारी 'शेमा'. नुकतं जन्मलेलं मूल असो की मरणाच्या दारातलं माणूस, प्रत्येक वेळी तीच म्हटली जायची. त्याशिवाय उरली मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, थोडे सण आणि शनिवारची सुट्टी. पोटासाठी आमच्या लोकांनी तेलाचा घाणा धरला. तीळ आणि खोबरं गाळायचं, तेल गावोगाव विकायचं. शुक्रवारी दिवस मावळला की बैल सोडायचे, ते शनिवारी रात्रीपर्यंत जुंपायचे नाहीत. शेजाऱ्यांनी हे पाहिलं आणि आम्हाला 'शनवार तेली' म्हणायला लागले. समाजाच्या उतरंडीत तेल्याची जागा वरची नव्हती, हेही खरं. पण त्या शनिवारच्या वाटेला कुणी गेलं नाही. आज घाणा का बंद, असं म्हणून कुणी दार ठोठावलं नाही. जगात ज्यू पसरले, त्यातल्या काही ठिकाणी या एका दिवसानं त्यांच्यावर संकटं ओढवली. रायगडच्या खेड्यांत त्याच दिवसानं आम्हाला नाव मिळालं.

आडनावं गावांनी दिली. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर. नुसती आडनावं वाचत गेलं तरी रायगड जिल्ह्याचा नकाशा पुरा होतो. हिंदी सिनेमातले डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, हेही डेव्हिड अब्राहम चेऊलकर. नावंसुद्धा इथल्या वळणाची झाली होती. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी. असेच एक सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीत होते. ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटून परत आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत आमच्या समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं. तो रस्ता पुढे सॅम्युएल स्ट्रीट झाला.

विसरलेला धर्म परत कसा मिळाला, याचीही एक गोष्ट घराघरांत सांगतात. कोचीनकडचे डेव्हिड रहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे शनिवार पाळणारे लोक कोण आहेत, अशी त्यांना शंका आली. त्यांनी आमच्या बायकांपुढे मासळीची एक मिश्र पाटी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी काढली, कोलंबी आणि खेकडे बाजूला सारले. रहाबींची खात्री पटली आणि त्यांनी तिघा तरुणांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी सांभाळणारे, केलं. ही गोष्ट मला फार आवडते. पोथी नसताना धर्म जपला तो स्वयंपाकघरानं, हे तिच्यात स्वच्छ दिसतं. पुढे एकोणिसाव्या शतकात हिब्रू शिक्षणाची सोय झाली आणि जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादामध्ये, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, पानाच्या एका बाजूला हिब्रू आहे आणि दुसऱ्या बाजूला मराठी. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. बायबलातल्या कथांवर आमच्याकडे कीर्तनंही होत.

आमच्या घरात धर्म अजूनही ताटातच दिसतो. मटणात दूध-दही घालायचं नाही हा नियम. कोकणात नारळ असल्यामुळे तो कधी जड गेला नाही. नारळाच्या रसात शिजलेली आमटी चवीला पुरेशी दाट होते. शाब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, प्रार्थनेला द्राक्षाची दारू नसेल तर काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करतात. आणि सर्वांत आमचा म्हणावा असा विधी म्हणजे मलिदा.

एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, हे आमचं नवसाचं दैवत म्हटलं तरी चालेल. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका कातळावर खुणा आहेत, त्या त्याच्या रथाच्या आहेत अशी श्रद्धा आहे. नवस बोलला, मूल परीक्षेत पास झालं, घर घेतलं, लग्न ठरलं की मलिदा करायचा. पोहे धुऊन निथळत ठेवतात. ते पुरते मऊ झाले पाहिजेत, पण गोळा होता कामा नये. मग त्यात साखर किंवा गूळ, ओलं खोबरं, वेलचीची पूड, काजू-बदाम-बेदाणे. हातानं हलकेच कालवायचं, दाबायचं नाही. मोठ्या ताटात त्याची रास करायची आणि भोवती फळं मांडायची: केळी, सफरचंद, चिकू, खजूर. प्रार्थनेत झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून उगवणाऱ्याचा वेगळा. केळं जमिनीतलं धरतात, कारण केळीला खोड दिसलं तरी ते लाकडाचं झाड नव्हे. शेवटी सब्जाचा पाला हातोहात फिरतो. तो प्रत्येकानं हुंगायचा, सुगंधाचेही आभार मानायचे. ओल्या खोबऱ्याचा आणि सब्जाचा एकत्र वास खोलीत भरतो, हिब्रूतली प्रार्थना संपते आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "अगं, शेजारी वाटी पाठवलीस का?" दुसऱ्या ज्यू समाजांत हा विधी नाही. पोहे, नारळ आणि सब्जा एकत्र आणणारं इथलंच अंगण होतं. त्यात परकं काही घुसलं असं मला कधीच वाटलं नाही. माझ्या धर्माला या किनाऱ्यावर अंग फुटलं, ते असं.

लग्नाचंही तेच. केतुबा, म्हणजे विवाहाचा करार, मोठ्यानं वाचला जातो, आणि त्याच नवरीच्या हाताला आदल्या रात्री मेंदी लागलेली असते, हातात हिरवा चुडा आणि गळ्यात मंगळसूत्र. दफनभूमीतल्या कित्येक दगडांवर वर हिब्रू आहे आणि खाली देवनागरी. गेलेल्याची ओळख दोन्ही लिपींत पुरी होते.

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. इथून कुणी हाकललं म्हणून गेले नाहीत. प्रार्थनेत शतकानुशतकं ज्याचं नाव घेतलं तो देश बोलावत होता, म्हणून गेले. तिथं गेल्यावर मात्र तिथल्या धर्मपीठानं आमच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली. लग्नाच्या वेळी चौकशा होऊ लागल्या. १९६०च्या दशकात त्याविरुद्ध आंदोलन झालं, आणि १९६४ साली पूर्ण मान्यता मिळाली. ज्यांच्याकडे दोन हजार वर्षं शेजाऱ्यांनी ज्यूपणाचा पुरावा मागितला नाही, त्यांना तो स्वधर्मीयांपुढे मांडावा लागला. हे दुःख आमच्या लोकांनी फारसं बोलून दाखवलं नाही. पण डिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथल्या घरांत मराठी टिकली, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिकडून चालवलं. आपण कोण, हे त्यांनी त्या देशालाही मराठीतच सांगितलं.

भारतात आता आम्ही काही हजारच उरलो आहोत, बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा आनंद आहे. तरी खेड्यातली सिनेगॉगं एकेक करून शांत होत गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत गेलं की हा बदल जाणवतो. आळीचं नाव कायम आहे, कौलारू घरं काही आहेत, काही पडली, काहींच्या जागी इमारती आल्या. मागेन अबोथ सिनेगॉगचं दार सणाला उघडतं. आत तेलाचे दिवे टांगलेले, मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, पश्चिमेकडच्या कपाटात मखमलीत गुंडाळलेला सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी. प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. पूर्वी आळीतूनच शंभर उठून येत. आता दहा जमवायला फोन करावे लागतात, कुणी पनवेलहून येतो, कुणी ठाण्याहून.

तरीही मी आमची गोष्ट संपत आलेली म्हणून सांगत नाही. माणसं कमी असली की ओळख पुसते असं नाही. ती सांगणारं आणि ऐकणारं कुणी उरलं नाही तर पुसते. आम्ही कोण हे आमच्या पोथ्यांआधी नवगावच्या, किहीमच्या, रोह्याच्या शेजाऱ्यांना माहीत होतं. म्हणून ही गोष्ट जितकी आमची, तितकीच महाराष्ट्राची आहे, आणि ती जपण्याचं कामही दोघांचं आहे. शाळेच्या पुस्तकात तिला पान मिळालं पाहिजे, गावच्या इतिहासात तिला जागा मिळाली पाहिजे.

अलिबागला समुद्र बघायला याल तेव्हा अर्धा तास इस्राएल आळीसाठी ठेवा. नवगावच्या दफनभूमीत चार पावलं चाला, दगडांवरची नावं वाचा. ती वाचायला दुभाष्या लागणार नाही. सिनेगॉगचं दार उघडं दिसलं तर खुशाल आत या. त्यासाठी ज्यू असावं लागत नाही, डोकं झाकावं लागतं, इतकंच.