केरजाँचा वाडा आणि सूत कातणारे सरदार

एका अंड्यापायी एवढा मोठा वाडा उभा राहिला असं सांगितलं, तर तुम्ही हसाल. पण फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या सेंट-व्हुगे गावाजवळ केरजाँ नावाचा जो वाडा आहे, त्याची कहाणी अशीच सुरू होते. केरजाँचे बार्बिए हे मूळचे लहान जहागीरदार. शेजारच्या बड्या सरदाराला त्यांनी म्हणे दरवर्षी एक अंडं नजर करायचं, आणि तेही गाडीत घालून, दोरांनी करकचून बांधून! हा अपमान लुई बार्बिएला जिव्हारी लागला. शेजाऱ्याचं घर फिकं पडेल असा वाडा बांधीन, असं त्यानं मनाशी ठरवलं.

अंड्याचं खरंखोटं देव जाणे. पैसा मात्र आला घराण्यातल्या आमों बार्बिए या धर्मगुरूकडून. अनेक चर्चची उत्पन्नं या गृहस्थांनी स्वतःकडे जमवली होती!

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधकाम झालं. फ्रान्समध्ये तेव्हा धर्मयुद्धांची धामधूम. म्हणून बाहेरून पाहावं तर पक्का किल्ला: खंदक, रुंद तटबंदी, तटाच्या पोटात तोफांसाठी खोल्या. आणि आत शिरलात की एकदम नूर पालटतो. मोठं फरसबंद अंगण, तीन बाजूंना ग्रॅनाइटच्या इमारती, छपरातून डोकावणाऱ्या नक्षीदार खिडक्या आणि कोरीव खांबांवर घुमटी पेललेली विहीर. पाणी शेंदणाऱ्या बाईच्या डोक्यावर एवढी शोभा मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. १६१८ साली तेराव्या लुई राजानं हा वाडा राज्यातल्या उत्तम वाड्यांपैकी एक असल्याचं लेखी म्हटलं आणि रने बार्बिएला मार्कीचा किताब दिला.

आपली पावलं अर्थातच आधी स्वयंपाकघराकडे वळतात. छत इतकं उंच की मान दुखते! भिंतीतल्या चुलखंडात माणूस उभा राहील. पाहुण्यांच्या पंगतीसाठी लाकडं रचून आग धगधगायची, तेव्हा इथल्या दासींचं काय होत असेल, ते घामाघूम होऊन चुलीशी बसलेल्या बाईला सांगायला नको.

या रने बार्बिएची बायको फ्रान्स्वाझ द केलां. तिची दंतकथा इथं अजून चवीनं सांगतात. नवऱ्यानं दरबारात बायकोच्या एकनिष्ठेची बढाई मारली. चौघा सरदारांनी पैज लावली आणि तिला भुलवायला केरजाँला आले. बाईनं काय करावं? गोड बोलून एकेकाला खोलीत कोंडलं आणि जवसाच्या धाग्याचं काम पुढ्यात टाकलं. सूत काता, कापड विणा, तरच जेवण! आता हा लेओं परगणा त्या काळी जवसाच्या धाग्याच्या तलम कापडासाठी नावाजलेला. इथलं कापड जहाजांनी इंग्लंड-स्पेनपर्यंत जायचं. घरोघरच्या बायका जे काम जन्मभर करत, तेच या सरदारांना शिक्षा म्हणून दिलं. मला तर गोष्टीतली खरी गंमत तिथेच वाटते. (एवढं होऊन नवऱ्याला मात्र काहीच शिक्षा नाही, बरं का!)

राज्यक्रांतीच्या वेळी वाड्याची मालकीणही बाईच. स्युझान-ऑग्युस्तीन द कोएतांस्कूर. वाड्यावर तिचा जीव होता. राज्यक्रांतीचं वादळ आलं तरी बाई इथेच राहिल्या. पुढे अटक झाली आणि १७९४ साली, उतारवयात, ब्रेस्त शहरात त्यांना गिलोटिनवर चढवलं. वाडा लुटला गेला. आगीत गेलेल्या भागाच्या नुसत्या भिंती आजही तशाच उभ्या दिसतात.

१९११ साली फ्रेंच सरकारनं वाडा विकत घेतला. रिकाम्या दालनांत सामान आणून ठेवलं ते आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरांतलं: धान्याच्या भक्कम पेट्या, कपड्यांची कपाटं आणि ब्रिटनीचे ते प्रसिद्ध कपाटी पलंग. सरकती दारं लावून घेतली की आत ऊब आणि आडोसा दोन्ही. पुढ्यात एक लांब पेटी असते. तिच्यावर पाय देऊन पलंगात चढायचं, दिवसा तीच बसायला बाक, आणि झाकण उघडलं की आत चादरी! मार्कीणबाईंच्या दालनात आता शेतकरणीच्या चादरींची पेटी मांडलेली आहे.