लेकरू पुण्याला ठेवावं का?

बीड जिल्ह्यात कॉलेजचे प्रवेश आणि ऊसतोडीची उचल एकाच मोसमात येतात. मार्च-एप्रिलात कारखान्यांचे पट्टे पडतात, माणसं गावी परततात, मे-जूनच्या सुमारास बारावीचा निकाल लागलेला असतो. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच इकडे मुकादम पुढच्या हंगामाची उचल वाटायला लागतो. त्यामुळे पोरगं कुठं शिकवायचं, या प्रश्नात आमच्याकडे दुसरा प्रश्न आपोआप मिसळतो: यंदा उचल किती घ्यायची? जवळच्या कॉलेजात टाकलं तर नेहमीएवढी. पुण्याला ठेवायचं तर त्याहून जास्त. आणि घेतलेली उचल फिटल्याशिवाय कोयता खाली ठेवता येत नाही.

केज तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. पावसाळा लागला की पालक गुणपत्रिका घेऊन विचारायला येतात. मागे एक गृहस्थ आले, त्यांनी हिशेब लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मांडून आणला होता. फी, खोली, मेस, एसटी, वह्या-पुस्तकं. अक्षर मोठं, ठसठशीत, प्रत्येक आकड्यापुढं दोन आडव्या रेघा. शेवटी ‘वरखर्च’ असं लिहिलेलं आणि त्यापुढची जागा मोकळी. मुलगी शेजारी उभी होती, खुर्ची दिली तरी बसेना. ते म्हणाले, “बाई, लेकरू पुण्याला ठेवावं का? का आपली अंबाजोगाई बरी?”

हिशेबाचं उत्तर मला थोडंफार देता येतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60,000 रुपये मिळतात: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000, बाकीचे 8,000. इतर मागासवर्गीयांसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुले आधार योजना आली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं निघाली. पण राहण्याचे वर्षाला 20,000 म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत, आणि पुण्यातल्या पेठांत तेवढ्यात कॉटही मिळत नाही. शिवाय खोलीवाला अनामत आधी मागतो, योजनेचा हप्ता मागून येतो. मधल्या महिन्यांचं काय, याला सरकारी कागदावर रकाना नाही. तो रकाना उचलीनंच भरायचा असतो.

तरी माझा अनुभव असा की पैशाचा मेळ बसला तरी निर्णय होत नाही. घोडं पुढंच अडतं. जवळच्या कॉलेजात लेकराला सगळे ओळखतात आणि मोठ्या विद्यापीठात कुणीच ओळखत नाही. खरी निवड या दोहोंत असते, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

ओळखीची किंमत मी कमी लेखत नाही. अंबाजोगाईचं योगेश्वरी घ्या, बीडचं बलभीम घ्या. इथं विद्यार्थी आठ दिवस दिसला नाही तर सर गावच्या माणसाजवळ निरोप धाडतात. फीचा हप्ता थांबवून घेतात. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला असा एक माणूस पुष्कळदा पुरतो. जिल्ह्यातली दोन ठळक नावं, गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन, यांची मैत्री अंबाजोगाईच्या कॉलेजातच जुळली. पुणं त्यांच्या वाट्याला नंतर आलं: मुंडे कायदा शिकायला आयएलएसमध्ये गेले, महाजन पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. आधी जवळ, मग लांब, ही आमच्याकडची जुनी वहिवाट आहे आणि ती वाईट नाही.

मीही त्याच वाटेनं गेले. अंबाजोगाईला बी.ए. केलं आणि 1994 च्या पावसाळ्यात एम.ए.साठी औरंगाबादला विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी 14 जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. 1978 साली विधिमंडळात ठराव झाल्यापासून सोळा वर्षं मराठवाडा त्या नावावरून धुमसला होता, माणसं मेली होती, घरं जळाली होती. एवढ्या रक्तातून गेलेल्या जागेत मला मात्र पहिल्यांदा मोकळं वाटलं, हे सांगताना अजूनही चमत्कारिक वाटतं. कारण अगदी साधं होतं. गावाकडं एसटीत चढले तरी कंडक्टर विचारायचा, “कुणाची गं तू?” वडिलांचं नाव सांगितलं की गाव, वाडा, भावकी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहायचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवस दिवस बसले, पण तिथल्या माणसानं माझ्याकडे फक्त कार्ड मागितलं. ज्या पुस्तकांचं नाव घरात काढलं नसतं, ती मी तिथं वाचली. एका चर्चासत्रात उभी राहून चुकीचं बोलले, सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नव्हतं. गावात ती गोष्ट माझ्या लग्नापर्यंत पुरली असती.

आमच्या आजोबांच्या पिढीला हेही जवळ नव्हतं. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, 1918 साली निघालेलं, शिकवण्याची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी दुसऱ्या भाषेत शिरावं लागे, मग विषयात. 1950 साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचं उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं, तेव्हा कुठं पदवीचं गाव एसटीच्या टप्प्यात आलं. म्हणजे ‘लांब जाऊन शिकावं का’ हा प्रश्न पडायलासुद्धा आम्हाला स्वातंत्र्यानंतर दहा वर्षं थांबावं लागलं.

आज हा प्रश्न जास्त टोकदार झाला आहे. 2025 साली बीडच्या पोलीस दलात, जात कळू नये म्हणून, गणवेशावरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली गेली. ज्या जिल्ह्यात तक्रार घ्यायला बसलेल्या माणसाचं आडनाव झाकावं लागतं, तिथं अठरा वर्षांचं पोर वर्गात काय काय सोबत घेऊन बसत असेल, याचा विचार करावा. बाकावर कोण कुणाशेजारी बसतं, व्हॉट्सॲपवर कुणाच्या जयंतीचं स्टेटस कोण ठेवतं आणि कोण ठेवत नाही, हे मी रोज पाहते. मुलं वाईट नाहीत. ती सतत कुणाची तरी म्हणून मोजली जात आहेत. त्यांना वर्ष-दोन वर्षं कुणाचंच नसण्याची गरज आहे, आणि एवढी मोठी गर्दी मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठातच मिळते.

याचा अर्थ शहर सोवळं सोडून बसलंय असा नाही. माझी भाची पुण्यात खोली बघत फिरली तेव्हा मालकीणबाईंनी नाव विचारलं, तिनं नाव सांगितलं. “पूर्ण नाव सांग ना.” तिनं पूर्ण नाव सांगितलं, मग बीड सांगितलं, मग खोली कालच गेल्याचं कळलं. अभ्यासिकेतही बीडवाले बीडवाल्यांत, लातूरवाले लातूरवाल्यांत बसतात, आणि त्यातही पुन्हा आतले कप्पे असतातच. पण फरक आहे. गावात एक दार बंद झालं की विषय संपतो. शहरात पुढच्या गल्लीत दुसरी मालकीण असते, तिला फक्त भाड्याशी मतलब असतो. भाचीला अशी खोली मिळाली. आता ती विद्यापीठात कमवा-शिका योजनेत काम करते, मेसच्या पातळ वरणाला नावं ठेवते आणि पुण्याचा रस्ता बाबांना फोनवर समजावून सांगते. घरात आजवर रस्ता समजावून सांगण्याचं काम बाबांचं होतं.

म्हणून त्या गृहस्थांना मी जे सांगितलं, ते मुलगा असता तर सांगितलं नसतं. चांगला शिकवणारा माणूस जवळच्या कॉलेजात असेल, तर मुलाला तीन वर्षं तिथं ठेवायला हरकत नाही. पदवीनंतर तो पुण्याला जाऊ शकतो, घर त्याला अडवत नाही. मुलीसाठी ‘आधी जवळ, मग लांब’ यातलं ‘मग’ बहुधा येतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. अठरापर्यंत टिकलेल्या मुलीला जवळच्या कॉलेजात टाकतात, तेव्हा घरात स्थळांचीही बोलणी सुरू होतात. आई-बाप कारखान्यावर आणि तरणी मुलगी गावात एकटी, ही धास्ती खोटी नसते, पण तिचा शेवट ठरलेला असतो. माझ्या बी.ए.नंतर मला पुढं जाऊ दिलं ते वडील हट्टी होते म्हणून. हट्टी वडील सगळ्यांना मिळत नाहीत, त्यामुळे त्या भरवशावर दुसऱ्याच्या मुलीला थांब म्हणण्याचा मला अधिकार नाही.

वाट तर आता पूर्वीइतकी अवघड राहिली नाही. 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना ठरावीक प्रवर्गांत व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. 1995 साली मंजूर झालेल्या 261 किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेची गाडी अखेर 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडला लागली. फी, तिकीट, गाडी यांची सोय सरकारनं तीस वर्षं लावून का होईना केली. घरातल्या होकाराची सोय कुठल्याच योजनेत नाही, तो घरानंच द्यायचा.

मी त्यांना म्हटलं, दादा, पुण्याला ठेवा, आणि उचल वाढवायच्या आधी तिला घेऊन समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन या. त्यांनी पत्रिकेची घडी घातली आणि इतका वेळ गप्प उभ्या असलेल्या मुलीला पहिल्यांदा विचारलं, “तुला काय वाटतं?” सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तो होता. तो शेवटी विचारला गेला, पण विचारला गेला. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत अजून तेवढंही होत नाही.