रिलीव्हर पाहिजे

पाळकसाहेबांनी ते इतक्या सहज सांगितलं की नाही म्हणायचं सुचलंच नाही. उपासना संपली होती, मी सतरंज्या गुंडाळत होतो. "तुम्ही लॅबमध्ये आहात, रजिस्टर नीट ठेवता. शब्बाथ शाळेला शिक्षक मिळवायचं काम आता तुमच्याकडे," असं म्हणून ते पनवेलच्या गाडीला निघूनही गेले. महिन्यातले दोन रविवार ते येतात, उरलेले आमचे आम्ही.

मी मूळचा नेवाशाकडचा. आमच्या गावी शब्बाथ शाळेच्या बाई ठरलेल्या असत. बाई थकल्या की त्यांची सून उभी राहायची. नाक गळणाऱ्या पोरांकडून वचनं पाठ करून घेणारं कुणीतरी कायम असतंच, अशी माझी समजूत होती. त्यासाठी माणसं शोधत हिंडावं लागतं, हे इथे येऊन कळलं.

इथे म्हणजे महाड औद्योगिक वसाहतीत. आमचं देऊळ म्हणजे बिरवाडीतल्या एका इमारतीचा तळमजल्यावरचा भाड्याचा हॉल. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल आणि वारा फिरला की केमिकलचा वास. मंडळी चाळीस-पंचेचाळीस. नगर-जालन्याकडचे आम्ही, दोन मल्याळी कुटुंबं, झारखंडची कंत्राटी पोरं आणि पोलादपूरहून एसटीने येणाऱ्या एक नर्सबाई. मुलं सतरा, वयं तीन ते तेरा.

पहिल्या रविवारी मी पुढे उभा राहिलो आणि लहानपणापासून ऐकलेल्या भाषेत म्हणालो, "ज्यांना लेकरांच्या सेवेचं ओझं आहे त्यांनी नावं द्यावीत." एकच हात वर आला. ते काका पंखा वाढवायला सांगत होते. मग व्हॉट्सॲपवर टाकलं. तेवीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, नाव एकानेही दिलं नाही. ओझं हा शब्द आपल्या मंडळीत फार पवित्र आहे, पण सहा दिवस पोती उचलणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी तो ऐकवू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

माणसं मिळेपर्यंत मीच शिकवायला बसलो. गोष्ट निवडली नोहाच्या तारवाची, कारण प्राणी असले की पोरं रमतात असं वाटलं. तारू बांधून झालं, प्राणी आत गेले, पाऊस सुरू झाला. तेवढ्यात महाड शहरातून येणारी एक मुलगी म्हणाली, "दादा, नोहाने शेजाऱ्यांना का नाही घेतलं? आमच्याकडे पाणी आलं तेव्हा वरच्या काकांनी सगळ्यांना वर घेतलं होतं." 22 जुलै 2021चा पूर. तेव्हा ती जेमतेम पाच-सहा वर्षांची असेल. मग सगळीच पोरं सुरू झाली. कुणाचा फ्रिज तरंगला, कुणाच्या आजीला खांद्यावर न्यावं लागलं, कुणाची मांजर सापडलीच नाही. माझ्या टिपणवहीत पुढचा मुद्दा होता इंद्रधनुष्याचा. मी वही मिटली आणि बिस्किटं वाटली.

पाळकसाहेबांना हे सगळं आणि शिकवायला माणूसच मिळत नाही हे फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणाले, या नदीकाठी शिक्षक न मिळणं नवं नाही. आपल्या महाडवरून वाहणारी सावित्री जिथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनचं काम सुरू झालं. पहिला आलेला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी कोकणात शाळा काढल्या, पण त्यांनाही शिकवणारी माणसं हवी होती. त्या काळच्या मिशनशाळांतून मुळाक्षरं गिरवून घेणारे बहुधा गावातलेच पगारी पंतोजी असत, आणि ते ख्रिस्तीही नसत. "आणि विलायतेत तरी काय वेगळं?" साहेब पुढे म्हणाले. 1780मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा काढली. गावात टाचण्यांचे कारखाने, आठवडाभर पोरं कामाला, मोकळा वार तेवढा रविवार. तिथेही शिकवणाऱ्या बायकांना तो दर रविवारी एकेक शिलिंग देत असे. म्हणजे पहिले शिक्षकसुद्धा फुकट मिळाले नव्हते! मला जरा हायसं वाटलं. आमच्या दानपेटीत मात्र शिलिंगही नव्हते. शिवाय रेक्सच्या गावात रविवारी कारखाना बंद असायचा. आमचे प्लँट चोवीस तास चालतात आणि साप्ताहिक सुट्टी फिरती असते.

मग मी घरोघर गेलो. एवढा चहा जन्मात प्यायलो नव्हतो. "आम्हाला कुठे शिकवायला येतंय?" "माझी नाईट असते." "सुट्टी जोडून आली की आम्ही गावी जातो." सगळी कारणं खरी होती, तरी कुठेतरी काहीतरी दडवलं जातंय असं वाटायचं. शेवटी आसनपोईच्या एका काकूंनी दाराशी चप्पल घालताना मला थांबवलं. "खरं सांगू का दादा? आधी जिथे होतो तिथे मी एकदा हो म्हटलं होतं. अकरा वर्षं सुटका झाली नाही. बाळंतपणातसुद्धा विचारायला आले, कधी येता म्हणून. यांची बदली झाली तेव्हा सुटले. शिकवायचा कंटाळा नाही हो मला, पण पुन्हा अडकायचं नाही."

हे डोक्यात घोळत होतं तोच आठवड्याभराने माझी नाईट होती आणि सकाळी सातला माझा रिलीव्हरच आला नाही. आमच्याकडे रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. दुपारी तीनला सुटलो. सोळा तास उभं राहून पायांचे गोळे झाले होते, पण डोकं चालत होतं. कामाला माणूस भीत नाही, रिलीव्हर न येण्याला भितो. आपण लोकांना असल्या ड्युटीवर बोलावत होतो जिच्या चार्टवर सुटायची वेळच लिहिलेली नव्हती.

पुढच्या रविवारी मी ओझं, सेवा, पाचारण यातलं काहीही बोललो नाही. चार्ट लावला. एका माणसाला सलग चार रविवार, त्यापुढे त्याच्या नावासमोर रिलीव्हरचं नाव. नाव नसेल तर ती जागा मी भरणार, आधीच्या माणसाला पाचवा रविवार मागायचा नाही. ज्याची शिफ्ट आडवी येते त्याने चार्टवर अदलाबदल करायची, कारखान्यात करतो तशीच. वर्गात कायम दोघं मोठी माणसं, दार उघडं. यावर एक काका रागावले, "आमच्यावर विश्वास नाही काय?" नर्सबाईंनी त्यांना 2012च्या पॉक्सो कायद्याबद्दल सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातही बाईपेशंट तपासताना दुसरी बाई हजर लागते. त्यात डॉक्टरचा अपमान होत नाही." काका गप्प झाले आणि दुसरं मोठं माणूस म्हणून त्यांनीच नाव दिलं. दुसऱ्याला शिकवायचं नसतं. पाणी द्यायचं, भांडणं सोडवायची, शू लागली की न्यायचं. शिकवता येत नाही म्हणणारी निम्मी माणसं या जागेवर खुशीने बसली.

आणखी एक नियम म्हाताऱ्या वडीलजनांनी घालून दिला, आणि तो मला चार्टपेक्षा मोलाचा वाटतो. हॉलशेजारची पोरं खाऊच्या आशेने आत येतात. ती आपल्या मंडळीतली नाहीत. त्यांच्या आईबापांना जाऊन विचारल्याशिवाय त्यांना वर्गात बसवायचं नाही. खाऊ मात्र दारात सगळ्यांना द्यायचा.

लॉगबुकही ठेवलं आहे, पुढच्याला चार्ज द्यायला. एका बॉयलर ऑपरेटरची पहिली नोंद अशी: "मुले 14. एक रडले, 10.40ला बंद झाले. दाविदाची गोष्ट अर्धी झाली, गल्याथ अजून उभा आहे. पुढील शिफ्टने पाडावा." पुढच्या शिफ्टला आसनपोईच्या काकू होत्या. चौथ्या रविवारी वही माझ्या हातात देऊन त्या घरी गेल्या, आणि मी पाचवा मागितला नाही. दोन महिन्यांनी त्यांनी आपण होऊन चार्टवर पुन्हा नाव घातलं.

सध्या आठ नावं आहेत. पुढच्या महिन्यातला तिसरा रविवार रिकामा आहे, दोघं गावी जाणार आहेत आणि माझी नेमकी फर्स्ट शिफ्ट आहे. बिरवाडी, नांगलवाडी किंवा महाडातल्या आपल्या कुटुंबांपैकी सकाळी साडेनऊ ते अकरा कुणी मोकळं असेल तर हॉलच्या दारावर चार्ट लावला आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे.