नादारचा उजेड

चित्रकाराचा फोटो काढायचा म्हटला की आमच्या धंद्यातला माणूस आधी इझल शोधतो. हातात ब्रश, मागे अर्धवट कॅनव्हास. पाहणाऱ्याला शंका नको! पॅरिसच्या नादार या फोटोग्राफरने हा पसारा दाराबाहेर ठेवला. 1850च्या दशकात सँ-लाझार रस्त्यावरच्या त्याच्या स्टुडिओत चित्रकारांपैकी गुस्ताव्ह डोरे आला, देलाक्रवा आला, कवी बोदलेरही. मागे साधा पडदा, अंगात गडद कोट आणि एका बाजूने येणारा उजेड. बस्स. त्याच शहरात दिस्देरी नावाचा दुसरा फोटोग्राफर व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो खांब-पडद्यांसकट घाऊक काढत होता.

मी अधूनमधून नादारच्याच ओल्या कोलोडियनवर काम करतो; फोटोसाठी काचेवर पसरायचं हे चिकट द्रावण. काचेच्या मधोमध ते ओतायचं, काच कलती करत चारी कोपऱ्यांपर्यंत न्यायचं, शेवटच्या कोपऱ्यातून जास्तीचं बाटलीत परत. मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ती ओली असतानाच एक्स्पोज आणि डेव्हलप. बोटं काळी, नाकात ईथर. एक्स्पोजरला कितीतरी सेकंद न हलता बसावं लागल्यामुळे माणसाचं अंतरंग उमटतं, असं लोक भक्तिभावाने सांगतात. मला ते पटत नाही. तसा बसलेला माणूस बहुधा अवघडलेला दिसतो. नादारचं गुपित वेगळं: तो मुळात व्यंगचित्रकार. कॅमेऱ्यासमोर बसलेली बरीच डोकी त्याने आधी पेन्सिलीने काढली होती. कुणाचं नाक कुठल्या बाजूने बोलतं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

कोलोडियनला मात्र भिडस्तपणा नाही. त्याला निळा प्रकाश दिसतो, तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे गालांवरची लाली काळवंडते, एरवी न जाणवणारे डाग वर येतात, निळे डोळे फिकट पडतात. साठीच्या देलाक्रवाला 1858 मध्ये आपला फोटो पाहून धक्का बसला, त्यात या रसायनाचाही हात असणार. तो काही फोटोग्राफीचा वैरी नव्हता; मॉडेलच्या फोटोंवरून तो स्वतः रेखाटनं करी. पण हा फोटो नष्ट कर, असं त्याने नादारला पत्राने कळवलं. नादारने ऐकलं नाही.

माझ्याकडे गिऱ्हाईक ‘हा उडवा’ म्हणालं की मी समोरच डिलीट करतो. चेहरा त्याचा, हक्क त्याचा. त्या हिशेबाने नादार चुकलाच. पण शिकायला येणाऱ्या पोरांना बाजूचा उजेड समजावताना मी पहिला फोटो देलाक्रवाचा तोच दाखवतो.