जिप्सीचा पट्टा

विहाराच्या कामासाठी आम्ही वर्गणीतून जुनी जिप्सी घेतली. "साहेब, आधी टायमिंग बेल्ट बदला," मेस्त्री म्हणाला. साधारण लाख किलोमीटरला हा रबरी पट्टा बदलावा लागतो. पण तो झाकणाआड, कुणाला दिसत नाही. हिशेब आमच्याकडे, आम्ही आधी गाडीला रंग दिला.

५ डिसेंबर २०१४. नाशिकहून चैत्यभूमीला निघालो आणि कसारा घाटात इंजिन एकाएकी बंद! स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरे. आम्ही प्लग पुसत बसलो, पोरांनी धक्का मारला. अखेर एका ट्रकवाल्या दादांनी ऑईलचे झाकण उघडून चावी मारायला लावली. आत कॅमशाफ्ट हलतच नव्हता. पट्टा तुटला होता.

दोन्ही आजींना एसटीत बसवले. चढताना एकीने विचारले, "लेकरा, केवढ्याचा असतो रे पट्टा?"

आम्ही आकडा सांगितला नाही.